संगमरवर संपतो तिथून

आमणे हे आमच्या भिवंडी तालुक्यातलं गाव. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. तोवर छत्रपती संभाजीनगरला जायचं म्हटलं की कसारा घाट आणि त्यातली ट्रकांची रांग आठवून बेत पुढे ढकलला जायचा. दिवाळीत भिवंडीतले माग बंद होते, आईचे गुडघे त्यातल्या त्यात बरे होते. आम्ही निघालो. बायकोला वेरूळ पाहायचं होतं, आईला घृष्णेश्वराचं दर्शन घ्यायचं होतं आणि मला बीबी का मकबरा. आमच्या भागातल्या माणसांना आग्रा परवडतं, पण तीनशे किलोमीटरवरचा मकबरा बघायला सवड होत नाही. 'ताजची नक्कल आहे, त्यात काय बघायचं?' असं म्हणून तो विषयच निकालात काढतात.

मकबऱ्याच्या दक्षिणेच्या दरवाजातून आत शिरलं की आधी थांबावं लागतं, कारण त्या दरवाजाच्या फळ्यांवर पितळी पत्रा मढवलेला आहे आणि त्यावर वेलबुट्टी उठवलेली आहे. गर्दी सरळ आत पळते आणि हे काम कुणी बघत नाही. याच दरवाजावर बांधणाऱ्यांची नावं आहेत: वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय. अताउल्ला हा ताजमहालाशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या उस्ताद अहमद लाहौरींचा मुलगा. म्हणजे नक्कल म्हणायचीच तर ती घरातल्या घरातली.

पुढे लांब पाण्याचा पाट, त्यात कारंजी, दोन्ही बाजूंना झाडं आणि टोकाला उंच चौथऱ्यावर घुमट व चार मिनार. घुमट ताजपेक्षा लहान आणि मिनार मात्र भक्कम, त्यामुळे मधली इमारत जरा आखडून उभी राहिल्यासारखी दिसते, हे खरं. पश्चिमेला निजामाच्या काळात मशीद उभी राहिली, तिने दोन्ही बाजूंचा तोल आणखी बिघडवला.

आईने पायऱ्या चढल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे भिंतीवर तळहात फिरवला. तिचा सगळा जन्म कांड्या भरण्यात गेला; सूत कुठल्या नंबरचं आहे हे ती बोटांनी सांगते. कमरेच्या थोडं वर हात गेला आणि ती थबकली.

"अरे, इथवर गार लागतंय. वर नाही लागत."

तिचं बरोबर होतं. मकबऱ्याला संगमरवर आहे तो खालच्या पट्ट्यापुरता आणि मग एकदम घुमटाला. मधली सगळी भिंत आपल्या दख्खनच्या काळ्या बेसाल्टची आहे, वरून चुन्याचा बारीक, घोटून गुळगुळीत केलेला गिलावा. लांबून सगळं एकसारखं पांढरं दिसतं. जवळ गेल्यावर मात्र पावसाने काळवंडलेले ओघळ दिसतात आणि संगमरवर कुठे संपतो ते कळतं.

तिथला गाईड एका घोळक्याला सांगत होता की औरंगजेबाचा मुलगा आझमशाह याने आईच्या आठवणीसाठी हे बांधलं. हे सगळीकडेच सांगितलं जातं, पण तारखा मांडल्या की ते जमत नाही. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू वारली ८ ऑक्टोबर १६५७ रोजी, मुलगा अकबर जन्मल्यानंतर महिनाभरातच. आझमशाहाचा जन्म १६५३चा, म्हणजे तो तेव्हा चार वर्षांचा. १६६०च्या आसपास इमारत पुरी झाली तेव्हाही तो पोरच होता. हुकूम आणि खजिना बापाचाच असणार.

भिवंडीकराला बेगमेच्या मृत्यूच्या तारखेत आणखी एक गोष्ट दिसते. त्याच महिन्यात, २४ ऑक्टोबर १६५७ रोजी, शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून कल्याण-भिवंडी घेतली. आदिलशहा आदल्या वर्षी वारला होता. सप्टेंबरात शाहजहान आजारी पडला, आणि दख्खनचा सुभेदार असलेल्या औरंगजेबाचे डोळे दिल्लीकडे लागले. त्याच्या घरी बेगमेचं दुःख, पुढ्यात भावांशी लढाई आणि इकडे कोकणात आमचं गाव स्वराज्यात. शाळेत या गोष्टी वेगवेगळ्या धड्यांत शिकलो होतो. त्या चौथऱ्यावर उभं राहिल्यावर त्या एकाच महिन्यात येऊन बसल्या.

ज्याला सैन्य पोसायचं आहे, तो संगमरवरावर किती ओतणार? गुलाम मुस्तफाच्या 'तारीखनाम्या'त मकबऱ्याचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे दिला आहे. ताजचा आकडा सहसा तीन कोटी वीस लाख सांगतात. दगडही लांबचा. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना त्याला औरंगाबादसाठी संगमरवर वाहणाऱ्या तीनशेवर गाड्या भेटल्या. त्यांतल्या सर्वांत लहान गाडीलाही बारा बैल जुंपलेले होते, असं त्याने लिहून ठेवलं आहे. तो दगड कमरेपर्यंत आणि घुमटाला पुरला. उरलेलं काम इथल्या दगडावर आणि चुन्यावर भागवलं.

आत कबर खाली आहे. आपण वरच्या सज्ज्यातून वाकून बघतो. भोवती संगमरवरी जाळीचा अष्टकोन, मधे चादर आणि लोकांनी फेकलेली नाणी. बायकोने जाळीकडे बोट दाखवलं, "हे बघा, एका दगडात कोरलंय." खरंच, इथे संगमरवर राखून ठेवल्याचं जाणवतं: तो डोळ्यांसमोर येतो तिथेच खर्च केला आहे. आणि चुन्याने गरिबी लपवली आहे असं मला कमानींखाली उभं राहून वाटलं नाही. गिलाव्यातल्या वेली, पानं, कोनाड्यांची नक्षी यांवर कारागिरांचा हात इतका सफाईने फिरला आहे की हेच त्यांचं खरं काम वाटतं.

दुपारी शहरात हिमरू बघायला गेलो. जरीचा किनखाब परवडत नाही म्हणून सुती ताणा आणि रेशमी बाणा घेऊन विणलेलं हे कापड. त्याला कुणी 'गरिबांचा किनखाब' म्हणून नाकारत नाही. हिमरू म्हणूनच विकत घेतात आणि जपतात. आईने पोत पाहिला, पाठ पाहिली, आणि किंमत ऐकून शाल खाली ठेवली. मकबऱ्याला मात्र हा मान अजून मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी घृष्णेश्वराच्या वाटेवर खुलताबादला उतरलो. बायकोसाठी घुमट उभा करणाऱ्या बादशहाची स्वतःची कबर उघड्या आकाशाखाली, मातीची. भोवतीची संगमरवरी जाळी पुढे, कर्झनच्या काळात, निजामाने बसवली.

मकबऱ्यावर मला एकच गोष्ट खटकली. चुन्याच्या भिंतींवर हाताला लागेल तिथे नावं कोरलेली आहेत, बाणाचं हृदय, गावाचं नाव, तारीख. चुन्यावरचा ओरखडा जायचा तर त्यावर नवा गिलावाच चढवावा लागतो, आणि नव्याखाली जुनी नक्षी जाते.

तेव्हा मकबरा बघायला जरूर जा, पण ताजशी तुलना तिकीट खिडकीवरच सोडून द्या. संगमरवर संपतो तिथून वर बघायला सुरुवात करा, कारण इथल्या माणसांचं काम तिथून वर आहे. आणि खिशातली किल्ली खिशातच राहू द्या.