बुलेटवरचा बोजा

आमच्या घरात सामान बांधणं हे अब्बांचं काम. त्यांनी मिरज-दिल्ली मार्गावर २६ वर्षं ट्रकवर काढली, आधी क्लीनर म्हणून, मग ड्रायव्हर म्हणून. हजला निघालेल्या खालाची बॅग असो की बहिणीच्या लग्नाचा जहेज, शेवटची गाठ त्यांचीच. वयाच्या ४९ व्या वर्षी मी बुलेटवरून लेहला निघणार म्हटल्यावर घरातले सगळे माझ्यावर तुटून पडले. अब्बांनी मात्र एवढंच विचारलं, "वजन कितना लेता?"

मिरजेहून मनालीमार्गे लेह म्हणजे एका बाजूनेच अडीच हजार किलोमीटरच्या आसपास. सोबतीला शाळेतला एक मित्र, त्याची वेगळी गाडी. दोन महिने आम्ही याद्या करत होतो, आणि प्रत्येक यादी आधीच्या यादीपेक्षा लांब होत होती. घरात तर प्रत्येकाला वाटतं की आपण दिलेली वस्तू नसली तर हा माणूस परत येणार नाही. अम्मीने शेंगदाण्याची चटणी काचेच्या बरणीत भरली. मुलीने उशी आणली. बीवीने चार स्वेटर काढले. ते स्वेटर नव्हते, तिची चार रात्रींची काळजी होती. पण बुलेटला ते कसं समजावणार?

अब्बांनी अंगणात सतरंजी टाकून सगळं मांडायला लावलं. ट्रकचा हौदा भरतानाचा कायदा त्यांनी इथंही लावला : जड माल खाली आणि पुढे, हलका वर आणि मागे. हत्यारं, टायर लिव्हर, हातपंप, दोन्ही चाकांच्या ट्यूब हे सगळं सीटच्या दोन्ही बाजूंच्या थैल्यांत, तळाला गेलं. मागच्या चाकाच्या आसापलीकडे वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वळणावर हँडल डोलायला लागतं. दोन्ही थैल्या त्यांनी हातात उचलून तोलल्या. उजवी भरली म्हणून प्लगचा डबा डावीकडे टाकला. सायलेन्सरच्या बाजूची थैली पत्र्याला टेकत तर नाही ना, ते खाली वाकून पाहिलं. गुडघे दुखतात त्यांचे, पण पाहिलं.

क्लचची जादा केबल मी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली होती. ती त्यांनी सोडायला लावली आणि जुन्या केबलच्या अंगालाच नवी चिकटपट्टीने बांधून टाकली. रस्त्यात जुनी तुटली तर फक्त दोन टोकं जोडायची. ही युक्ती कुठल्याच यादीत नव्हती.

पेट्रोलचा हिशेब मी केला. मनालीपासून अटल बोगदा, जो २०२० साली सुरू झाला, ओलांडला की लाहौलमध्ये टांडीचा पंप लागतो. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, ही तिथली पाटी गाडीवाल्यांत प्रसिद्ध. माझी टाकी साडेतेरा लिटरची. सपाटीवर गाडी लिटरला ३५ देते, पण चढावर, विरळ हवेत २७ वर आली तर टाकी बरोबर तिथंच कोरडी. म्हणून पाच लिटरचा कॅन, तोही टांडीत भरायचा. तोवर रिकामाच न्यायचा.

बाकीचं भराभर उरकलं. प्रत्येक कपडा आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग थैलीत. कारण दुपारी बर्फ वितळून नाले चढतात आणि पाणी बुटांच्या वर येतं. डॉक्टरांनी उंचीवरच्या गोळ्या दिल्या, देण्याआधी सल्फाची ॲलर्जी आहे का ते विचारून. बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, म्हणून एक पोस्टपेड घेतलं. स्वेटर दोन राहिले. उशी राहिली घरी.

मग जानमाज आणि टोपी. अम्मी बराच वेळ हातात घेऊन उभी होती. शेवटी हळू आवाजात म्हणाली, "बेटा, ये एकदम नीचे रख. रस्ते में कोई कैसा, कोई कैसा. थैली खोलने को लगाए तो?"

कोणी काही बोललं नाही. तिला काय म्हणायचंय ते आम्हा सगळ्यांना कळत होतं. गेल्या काही वर्षांत आमच्या घरी प्रवासाची तयारी म्हणजे हेही एक झालं आहे. भांजा पुण्याला नोकरीला गेला तेव्हाही डब्यात काय द्यायचं, यावर असाच विचार झाला होता. मी थैली पुन्हा उपसू लागलो.

अब्बांनी हात धरला. "रोज लगती सो चीज ऊपर रखना. नीचे रखा तो दिन में पाँच बार पूरा माल उतारेगा क्या?"

"तुमचा जमाना वेगळा होता," अम्मी म्हणाली.

अब्बांनी उत्तर दिलं नाही. इंदूर, ग्वाल्हेर, कुठल्या कुठल्या ढाब्यांच्या मागे त्यांनी ट्रकच्या सावलीत जानमाज अंथरली असेल. ते कधी सांगत नाहीत. त्यांनी जानमाजची बारीक घडी केली, टोपी तिच्यात ठेवली आणि ती टाकीवरच्या छोट्या बॅगेत, लायसन्स आणि विम्याच्या कागदांशेजारी सरकवली. अम्मी बघत राहिली. मग आत गेली आणि चटणी काचेच्या बरणीतून स्टीलच्या डब्यात काढून घेऊन आली.

"इसकू कहाँ रखता?" तिने विचारलं.

अब्बा ताडपत्रीवर रस्सा आवळत होते. सगळी गाठ सोडावी लागली.