डाव्या कुशीतली कळ

लेहला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाच्या डाव्या बरगडीखाली कळ उठली. गॅस समजून आम्ही ओवा दिला. सीटी स्कॅनमध्ये दिसलं, प्लीहेचा, म्हणजे पाणथरीचा, एक भाग रक्त न पोचल्याने मेला होता. रक्त तपासलं, तर तो सिकलसेलचा वाहक निघाला. एरवी वाहकांना सहसा त्रास नसतो; पण ३,५०० मीटर उंचीवर ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्या तुंबवू शकतात. प्रत्यक्ष आजार असलेल्या अनेक मुलांची पाणथरी असं वारंवार होऊन लहानपणीच निकामी होते. मग साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो.

भाऊ सावरला. पुढे मीही वाहक निघाले. आता लग्नाच्या बोलण्यांत पत्रिकेआधी हा रिपोर्ट ठेवते. दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता २५ टक्के असते.