गर्दीला एवढा आवाज येतो कुठून?

जालन्याहून भोकरदनच्या रस्त्याला लागलात, की साधारण २५ किलोमीटरवर राजूर लागतं. गाव तसं लहानच. पण टेकडीवरच्या राजुरेश्वर गणपतीमुळे साऱ्या मराठवाड्यात त्याचं नाव. एरवी साध्या दिवशी टेकडीवर उभं राहिलं, तर खालून जाणाऱ्या एसटीचा हॉर्न आणि रानातली पाखरं एवढंच काय ते ऐकू येतं. पण संकष्टी चतुर्थी मंगळवारी आली, म्हणजे अंगारकी आली, की हेच राजूर ओळखू येत नाही! रात्रभर पायी चालत माणसं येतात. सकाळपर्यंत रस्ता दिसेनासा होतो.

त्या दिवशी डोळ्यांनी बघण्यासारखं पुष्कळ असतं. पण मी तुम्हाला आज कानांनी राजूर बघायला सांगणार आहे. चला माझ्याबरोबर!

आधी खाली रस्त्यावर थांबा. इथे सर्वांत जास्त माणसं आहेत. पण ऐकू काय येतं? नुसता गलबला. शब्द एकही कळत नाही. आता पायऱ्यांकडे या. रांगेतलं कुणी तरी ‘गणपती बाप्पा’ म्हणतं आणि पुढेमागे ‘मोरया’ उठतो. आवाज अजून विस्कळीतच आहे, पण शब्द कळतो. आता मंदिरात, गाभाऱ्यासमोर या. इथे माणसं रस्त्यापेक्षा कितीतरी कमी. तरी ‘मोरया’ झाला, की छातीत धडधडतं! कडेवरचं लेकरू दचकून रडायला लागतं.

आता सांगा बरं, जिथे माणसं कमी तिथे आवाज जास्त, हे कोडं काय आहे?

कोडं सोडवायला आधी थोडं गणित करू. एक मुलगा ओरडला आणि नंतर तसेच दहा मुलगे ओरडले, तर आवाज दहापट मोठा वाटेल का? नाही! आपल्या कानाला तो साधारण दुप्पटच मोठा वाटतो. शंभर मुलं ओरडली तर चौपट, हजार ओरडली तर आठपट. म्हणजे माणसं खंडीभर वाढली, तरी आवाज बेताबेतानंच वाढतो. अंतराचा हिशोब मात्र फार कडक. मोकळ्या जागेत ओरडणाऱ्यापासून दुप्पट लांब गेलात, तर आवाजाची तीव्रता एक चतुर्थांश होते. तिप्पट लांब गेलात, तर एक नवमांश! म्हणून दूरच्या हजारांपेक्षा जवळचे पन्नास कानाला भारी पडतात.

दुसरं कारण भिंती आणि छत. रस्त्यावरचा आवाज आभाळात निघून जातो. मंदिरात तो भिंतीवर आपटून परत येतो. भिंत १७ मीटरपेक्षा लांब असेल, तर परत आलेला आवाज वेगळा ऐकू येतो. त्याला आपण प्रतिध्वनी म्हणतो. भिंत जवळ असेल, तर तो मूळ आवाजातच मिसळतो आणि त्याला जाड करतो.

तिसरं कारण ताल. शंभर माणसं शंभर गोष्टी बोलली, तर गोंगाट. शंभरांनी एकच शब्द एकाच क्षणी म्हटला, तर गर्जना!

जवळीक, छत आणि ताल. या तीन किल्ल्या खिशात ठेवा. आता जगातलं कुठलंही मैदान आपल्याला उघडता येईल.

पहिलं मैदान कोल्हापूरचं, खासबाग. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीसाठी बांधलेला हा आखाडा १९१२ साली पुरा झाला. महाराज १९०२ साली युरोपात गेले होते. रोमचं जुनं वर्तुळाकार क्रीडागार बघून त्यांना याची कल्पना सुचली, असं सांगतात. मधोमध लाल मातीचा हौदा आणि चहूबाजूंनी वर चढत गेलेली बसायची जागा. कुठेही बसा, पुढच्याचं डोकं आड येत नाही. आता गंमत बघा. ज्याला कुस्ती स्पष्ट दिसते, त्याचा आवाजही थेट पैलवानापर्यंत पोचतो. नजरेची वाट तीच आवाजाची वाट! त्यात हलगी कडाडू लागली, की ताल आयताच मिळतो.

त्याच कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉल चालतं. तिथल्या संघांची नावं ऐका : पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ. ही पेठांची आणि तालमींची नावं आहेत. मैदानात पळणारा पोरगा आपल्याच गल्लीतला, कुणाचा भाऊ, कुणाचा वर्गमित्र. मग घसा फुटेस्तोवर ओरडायला कुणी सांगावं लागतं का? ही झाली चौथी किल्ली, आपलेपणा.

मुंबईचं वानखेडे स्टेडियम तुम्ही दूरदर्शनवर बघितलं असेल. १९७५ साली तिथे पहिला कसोटी सामना झाला. २०११ च्या विश्वचषकाआधी ते नव्यानं बांधलं. २०१३ च्या नोव्हेंबरात सचिन तेंडुलकर शेवटचा कसोटी सामना तिथेच खेळला, तेव्हा ‘सऽचिन, सऽचिन’ हा घोष साऱ्या देशानं ऐकला. तो इतका का घुमतो? कारण नाव दोनच अक्षरी ठेक्याचं आहे आणि मध्ये श्वास घ्यायला जागा आहे. लांबलचक घोषणा गर्दीच्या तोंडी टिकत नाही. ‘मोरया’ टिकतो, ‘सचिन’ टिकतो.

आता जरा सातासमुद्रापलीकडे जाऊ. अमेरिकेत कॉलेजच्या पोरांचं फुटबॉल बघायला लाखभर माणसं जमतात! हे फुटबॉल आपल्यासारखं नाही बरं का. त्यात लांबट चेंडू हातात धरून पळायचं असतं. मिशिगन विद्यापीठाचं स्टेडियम १९२७ सालचं. त्यात एक लाखाहून जास्त माणसं बसतात. पण ते जमिनीत खोल खणलेलं आणि वरून सगळं उघडं. त्यामुळे एवढी गर्दी असूनही आवाज वर निघून जायचा, अशीच त्याची ख्याती होती. २०१० साली दोन्ही बाजूंना उंच इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा आवाज आत अडू लागला. सिअ‍ॅटल शहरातलं हस्की स्टेडियम त्याहून लहान. पण दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांवर छत आहे आणि ते आवाज खाली मैदानावर ढकलतं. म्हणून ते त्या देशातल्या सगळ्यांत गोंगाटाच्या मैदानांत गणलं जातं. बघा, आपलं राजूरचं कोडं तिथेही तेच आहे!

८ ऑक्टोबर १९८८ ला तर कमालच झाली. लुईझियाना स्टेट विद्यापीठाच्या मैदानावर यजमान संघानं अगदी शेवटी गुण मिळवून ७-६ असा सामना जिंकला. त्या क्षणी प्रेक्षक असे काही उसळले, की विद्यापीठातल्या भूकंपमापक यंत्रावर रेघ उमटली!

पण मुलांनो, या आवाजानं समोरच्याचं नेमकं काय बिघडतं? नुसती भीती वाटते का? नाही. त्या खेळात कर्णधारासारखा एक खेळाडू ओरडून खुणा सांगतो आणि ठरलेल्या आकड्यावर सगळे पळू लागतात. प्रेक्षकांच्या आरोळीत ती खूण बुडाली, की कुणी तरी आधीच हलतो आणि संघाला दंड होतो. आवाज इथे भिंतीसारखा दोन सोबत्यांच्या मध्ये उभा राहतो. म्हणूनच पाहुण्यांच्या हाती चेंडू असला, की तिथले प्रेक्षक कान किटवतात. पण चेंडू आपल्या संघाकडे आला, की तीच माणसं चिडीचूप बसतात, आपल्याच पोरांना खुणा ऐकू याव्यात म्हणून!

पंचांवरही आवाजाचा परिणाम होतो. २००२ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी पंचांना एकाच फुटबॉल सामन्याची चित्रफीत दाखवली, काहींना आवाजासकट आणि काहींना मुकी. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी यजमान संघाच्या चुका कमी धरल्या. पुढे २०२० साली कोरोनामुळे युरोपात रिकाम्या मैदानांवर सामने झाले. तेव्हा पाहुण्या संघांना मिळणारी पिवळी कार्डं कमी झाली.

आता हे सगळं आपल्या कबड्डीला लावून बघा. शाळेच्या मैदानावर चुन्यानं आखलेलं अंगण. रेषेला खेटून, एकावर एक रेलून बसलेली मुलं. म्हणजे जवळीक आहे. मागे वर्गाची भिंत आहे, हातात थाळ्या आहेत, आणि आपलेपणा तर काय, विचारूच नका! दुसऱ्या गावाहून आलेला एक बारका मुलगा चढाईला येतो. त्याला ‘कबड्डी कबड्डी’ हा दम स्पष्ट आणि अखंड म्हणावा लागतो. तो पंचांना ऐकू गेला पाहिजे, असा नियमच आहे. दम तुटला, की चढाई वाया. मी असा एक मुलगा बघितला आहे. त्याचे ओठ हलत होते, गळ्याची शीर ताणलेली होती, आणि दोन हातांवर उभ्या पंचांना काहीच ऐकू येईना. पंचांनी शिट्टी मारली. पोरगा मान खाली घालून परत गेला. आमची पोरं नाचली.

तो मुलगा कशानं बाद झाला? पकडीनं? नाही. खेळानं नव्हे, गोंगाटानं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी हाच प्रश्न टाकला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, “सर, आपन त्येंच्या गावाला गेलो तर आपलाबी दम बुडंल की!” त्याच दिवशी मुलांनी आपणहून एक नियम केला. चढाई चालू असताना, मग ती कुणाचीही असो, गप्प बसायचं. गडी मध्यरेषेवर परत आला, की मग हवं तेवढं ओरडायचं. तुम्हीही हा नियम करून बघा. शांततेत तो दम ऐकताना अंगावर काटा येतो, आणि मग फुटणारी आरोळी दुप्पट मोठी वाटते!

आणखी एक प्रयोग सांगतो. मोठ्या मैदानाच्या दोन टोकांना उभे राहा. एकानं टाळी वाजवावी. दुसऱ्याला हात आधी दिसतील, आवाज नंतर येईल. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मग १७० मीटरवरून यायला त्याला किती वेळ लागेल? अर्धा सेकंद! म्हणूनच फार मोठ्या मैदानावर सगळ्यांची टाळी एका तालात पडणं अवघड जातं.

आणि हो, कानांना जपा. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास ऐकणं ही सुरक्षिततेची हद्द समजतात. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं! तेव्हा मोठ्या कर्ण्यासमोर किंवा डीजेजवळ उभं राहू नका. लहान भावंडांना तर मुळीच उभं करू नका.

पुढच्या सामन्याला तुम्ही रेषेवर बसाल, तेव्हा एक लक्षात ठेवा. तुमचा आवाज म्हणजे मैदानातला आणखी एक गडी आहे. त्याला कधी उठवायचं आणि कधी बसवायचं, हे तुमच्या हाती आहे.