जिन्यातला दिवा

गांधीबागेतील वडिलोपार्जित घर पाडून नवे बांधावयाचे ठरले, तेव्हा गच्चीवर तीन किलोवॅटचे सौर पॅनेल बसवावयाचे हे मी मनाशी पक्के केले होते. 2024 साली सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तेवढ्यासाठी 78 हजार रुपयांचे अनुदान आहे. वीज गेली तरी आईचे प्राणवायूचे यंत्र चालू राहील, या कल्पनेने मी निर्धास्त होतो.

“वीज गेली की असे पॅनेलही बंद पडतात,” वायरमन म्हणाला. “नाहीतर खांबावर चढलेल्या माणसाला तुमच्याच विजेचा झटका बसेल.” मी वरमलो. माझ्या हिशेबात तो खांबावरचा माणूस आलाच नव्हता.

मग नव्याने आकडेमोड केली. यंत्र 300 वॅट, पंखा 30, दिवा 10. पाच तासांचे 1.7 युनिट. बॅटरी पूर्ण रिकामी करू नये, शिवाय थोडी वीज वाटेत खर्ची पडते; म्हणून तीन युनिटांची लिथियम बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर ठरविला. एसी त्यातून वगळला. नागपूरच्या उन्हाळ्यासाठी गच्चीला पांढरा लेप आणि पश्चिमेच्या खिडक्यांना छज्जे योजिले. बॅटरीची जागा तळमजल्यावर, सावलीत.

आईला सारे समजावून सांगितले. ती म्हणाली, “माझ्या एकटीसाठी एवढा खर्च? निदान जिन्यातला दिवा तरी त्यावर जोड. अंधारात कुणी आलं तर ठेचकाळायला नको.”

मी कागदावर आणखी दहा वॅट मांडले.