कीबोर्डची शिदोरी

गायन पार्टीचे सामान पूर्वी चौघांच्या खांद्यावर मावत असे. पेटी, ढोलकी, खंजिरी, टाळ; बाकी सारे गवयाच्या गळ्यात. यातल्या कशालाही वीज लागत नव्हती. आंबेडकरी जलसे गावोगाव फिरत होते तेव्हा बहुतेक खेड्यांत वीज पोहोचलीच नव्हती, आणि तिच्यावाचून जलसा अडलाही नाही. आज आमच्या पार्टीत पेटीच्या जागी कीबोर्ड आहे. बासरी, सनई, व्हायोलिन सारे एकाच माणसाच्या बोटांखाली येते, वर ठेकाही मिळतो. दोन-तीन वादकांची बिदागी वाचते, म्हणून तर आमच्यासारखी मोलमजुरी करून गाणारी पार्टी तग धरते. पण पेटीचा भाता हाताने हलवता येतो. कीबोर्डला करंट पाहिजे.

वाचक म्हणतील, आता करंट कुठे नाही? गावोगाव खांब आहेत, वस्तीतही मीटर आले. खरे आहे. २००५ नंतरच्या काही वर्षांत खेड्यांनी जे भारनियमन सोसले, तसे आता राहिलेले नाही. परंतु जयंती कॅलेंडरात १४ एप्रिलला असली तरी कित्येक गावे ती आपापल्या सोयीने पार मेपर्यंत साजरी करतात, आणि हेच दिवस वळवाचे. संध्याकाळी वावटळ सुटते, फांदी तारांवर पडते, डीपीवर फ्यूज उडतो. लाईनमन येणार सकाळी. इकडे मंडपात आयाबहिणी रोजगारावरून येऊन, भाकरी उरकून, लेकरे मांडीवर घेऊन बसलेल्या. त्यांना काय, उद्या या म्हणून सांगायचे? आणि मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर तर खांबच नसतो.

अशा वेळी लोक दोन उपाय करतात. एक म्हणजे आकडा. तो गुन्हा आहेच, शिवाय जिवावरचा खेळ आहे. अर्थिंग नसलेल्या जोडणीवर, ओल्या जमिनीत उभे राहून माईकला ओठ लागला की काय होते हे गवयांना विचारा. झिणझिण्यांवर निभावले तर नशीब. दुसरा उपाय, गावाच्या ज्या भागात लाईट असेल तिकडच्या एखाद्या घरातून वायर ओढून आणायची. यात धोका कमी, पण मिंधेपण फार.

आम्हाला एकदा असे घर मिळाले. मालकाने वायर खुशीने दिली. तिसऱ्या गाण्यातले काही शब्द त्याला रुचले नाहीत. भांडण नाही, शिवी नाही. त्याने घरात जाऊन फक्त पिन काढली. कीबोर्ड बंद, माईक बंद. आमचा ढोलकीवाला मात्र थांबला नाही, आणि वस्तीतल्या बायांनी ते गाणे उचलून शेवटापर्यंत नेले. त्या रात्री टेम्पोत परतताना आमच्यात ठरले, की फडक्यातली भाकरी आपण आपली नेतो, तसा करंटही आपलाच न्यायचा.

आमचा कीबोर्डवाला दिवसा मोटार रिवायंडिंगच्या दुकानात काम करतो. हिशेब त्यानेच मांडला. आपण वापरतो तसला कीबोर्ड दिसायला मोठा, पण खातो थोडे. साधारण ५-६ वॅट, म्हणजे जुन्या शून्याच्या बल्बापेक्षाही कमी. अशा बऱ्याच कीबोर्डांच्या पोटाखाली सेलचा कप्पा असतो. सहा सेल, ९ व्होल्ट. सेल घालायचे तर अल्कलाईन घालावेत. भिंतीच्या घड्याळाला घालतो ते साधे सेल इथे लवकर मान टाकतात. आधी आवाज फाटतो, मग ऐन कडव्यात कीबोर्ड बंद पडून पुन्हा चालू होतो. चार्जिंगचे सेल १.२ व्होल्टचे, सहा मिळून ७.२ होतात. ते चालतील की नाही हे कीबोर्डसोबतच्या पुस्तकात पाहून घ्यावे.

रोजच्या कार्यक्रमांना सेल परवडत नाहीत. म्हणून आम्ही १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी घेतली, कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये असते तीच. वजन दोन-अडीच किलो. कीबोर्ड अर्धा अँपिअर ओढतो असे धरले तर कागदावर १४ तास होतात. पण शिशाची बॅटरी पार रिकामी केली तर लवकर मरते, म्हणून निम्मीच वापरायची. ७ तास पुरे झाले.

बॅटरी थेट जोडायची नाही, हे मात्र ठळक लिहून ठेवा. आमचा कीबोर्ड ९ व्होल्टचा आहे. मध्ये ७८०९ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर टाकला. तो तापतो, म्हणून ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवला. १२ व्होल्टच्या कीबोर्डला त्याचा भाऊ ७८१२ चालेल असे वाटते, पण चालत नाही. त्याला आत येताना दोनेक व्होल्ट जास्त लागतात, ते बॅटरीजवळ नसतात. तिथे व्होल्टेज वर-खाली करून एकसारखे देणारा कन्व्हर्टर घ्यावा. गाडीच्या बॅटरीवरून घेत असाल तरी तोच घ्यावा, कारण इंजिन चालू असताना तिथे १४ च्या वर व्होल्ट जातात. बॅटरीच्या प्लसपाशीच १ अँपिअरचा फ्यूज घालावा. आणि पिनची दिशा पाहावी. कॅसिओच्या जुन्या ९ व्होल्टच्या अडॅप्टरला मधला भाग मायनस, यामाहाच्या १२ व्होल्टवाल्याला मधला प्लस. पिना दिसायला सारख्या. सॉकेटशेजारी खूण छापलेली असते, ती बॅटरी लावून वाचा.

इन्व्हर्टर कशाला नको? तो १२ चे २३० करतो, अडॅप्टर पुन्हा २३० चे ९ करतो. या येरझाऱ्यात बॅटरी फुकट जाते, आणि स्वस्त इन्व्हर्टरची घूंऽऽ स्पीकरमधून ऐकू येते ती वेगळीच. पोरे आता पॉवर बँक सुचवतात. सूचना चांगली आहे. १०,००० एमएएचची पॉवर बँक ५ चे ९ किंवा १२ व्होल्ट करणाऱ्या वायरीने जोडली तर पाचेक तास काढते.

खरा खादाड आहे तो अँप्लिफायर. मागे बॅटरीचे टर्मिनल असलेला अँप्लिफायर मिळतो, काहींना १२ व्होल्ट लागतात, काहींना २४. त्याची बॅटरी वेगळीच ठेवावी. एकीवर दोघे जेवायला बसले, की ढोलकीची थाप पडताच व्होल्टेज खाली येते आणि कीबोर्ड डोळे मिटतो.

आणखी एक गंमत. बरेच कीबोर्ड काही वेळ कुणी पट्टी दाबली नाही तर आपणहून बंद होतात. आणि आपल्याकडे दोन गाण्यांच्या मध्ये प्रमुख पाहुण्यांचे भाषण असते! भाषण संपते, गवई उठतो, कीबोर्डवाला पट्टी दाबतो, तर वाद्य गार. चालू केले तर लावून ठेवलेली सनई जाऊन पियानो. यामाहाच्या बऱ्याच कीबोर्डांत सगळ्यात डावीकडची पट्टी दाबून धरून चालू केले की ही सोय बंद होते. तोपर्यंत भाषण चालू असताना आवाज शून्यावर ठेवून मधूनमधून एखादी पट्टी दाबावी. पाहुण्यांना कळत नाही.

बॅटरी कार्यक्रमाहून आल्या रात्रीच चार्जिंगला लागली पाहिजे, उतरलेली ठेवली की खराब होते. त्यासाठी आम्ही पाळ्या लावल्या आहेत. या महिन्यात ती कोरसमधल्या ताईंकडे आहे. त्यांच्या मालकांनी बिलाची कुरकुर केली, तेव्हा ताईंनी कीबोर्डवाल्याला घरी बोलावून हिशेब करायला लावला. एका वेळच्या चार्जिंगला जेमतेम युनिटचा आठवा भाग. मालक म्हणाले, ठेवा मग, पण टीव्हीच्या बोर्डला नको.