पहिल्या पावलाची कळ

सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टेकलं की टाचेत सुई टोचल्यासारखी कळ येते. चार पावलं लंगडत टाकली की ती ओसरते, आणि म्हणूनच आपण तिच्याकडे लक्ष देत नाही. ‘वयच झालं’ म्हणतो नि कामाला लागतो. पण मैत्रिणींनो, मी अजून चाळिशीही गाठलेली नाही!

डॉक्टर याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळपायात एक चिवट पट्टा असतो. धनुष्याच्या दोरीसारखा तो पायाची कमान सांभाळतो. रात्री तो आखडतो आणि सकाळी सगळा भार एकदम पडला की ताणला जातो. टणक जमिनीवर फार वेळ उभं राहणं, वाढलेलं वजन, आखडलेल्या पोटऱ्या, झिजलेल्या सपाट चपला ही त्याची नेहमीची कारणं. आपला दिवस पाहा ना! घरी ओट्यापाशी अनवाणी, शाळेत फळ्यापाशी, येता-जाता लोकलमध्ये. ५ मे १९९२ला चर्चगेट-बोरिवली महिला स्पेशल सुरू झाली खरी, पण आपलं उभं राहणं काही सुटलं नाही.

उपाय साधे आहेत. उठण्यापूर्वी पलंगावरच बसून दुखऱ्या पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढा, दहा अंक मोजा, सोडा; असं दहा वेळा. दिवसा भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा ताठ नि टाच जमिनीला चिकटवून पोटरी ३० सेकंद ताणा. संध्याकाळी बर्फ केलेली बाटली फडक्यात गुंडाळून तळपायाखाली फिरवा. स्वयंपाकघरात चपला चालत नसतील, तर बाहेर कधीच न नेलेला मऊ तळव्यांचा वेगळा जोड ठेवा. भाजी बसूनच निवडा.

माझी खरी अडचण होती ती त्या सकाळच्या दोन मिनिटांची. आमच्याकडे पाणी पहाटे येतं. डोळे उघडले की थेट नळाकडे धाव. शेवटी ह्यांना सांगितलं, “आजपासून नळ तुम्ही बघा.” पहिले दोन दिवस पिंप ओसंडून वाहिलं. आता मात्र पाण्याचं काम त्यांचंच झालंय, आणि तीन महिन्यांत माझी कळ निम्म्यावर आली आहे.

हे दुखणं बरं व्हायला महिने लागतात, धीर सोडू नका. मात्र टाच सुजली, बधिर झाली, ताप आला किंवा पडल्या-झडल्यावर दुखू लागली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवा. आणि ती दोन मिनिटं घरात मागून घ्या. न मागता ती कुणी देत नाही.