पंचवीस पावलांवर

माणसाची चाळिशी उलटली की त्याने काशीयात्रेचे नाव काढावे, निदान पंढरीची वारी तरी धरावी, अशी जनरीत आहे. मी मात्र गेली दोन वर्षे अलास्कात जाऊन धनुष्यबाणाने शिकार करण्याचा बेत आखीत आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ती बंदच राहावी असे मलाही मनापासून वाटते. तरी बेत काही मनातून जात नाही.

त्याचे मूळ शाळेच्या फळ्यापाशी आहे. द्रोणाचार्यांनी शिष्यांची परीक्षा घेतली आणि अर्जुनाला पक्ष्याचा डोळा तेवढा दिसला, ही गोष्ट मी वर्गात किती वेळा सांगितली असेल याची गणती नाही. आदिपर्वात पाहावे तर झाडावरचा तो पक्षी कारागिरांकडून करवून घेतलेला, कृत्रिम. (मुळात तर डोळाही नाही, डोके आहे, डोळा लोकांनी मागाहून घातला.) म्हणजे त्या परीक्षेत जीव कुठे नव्हताच! खोट्या पक्ष्यापुढे एकाग्र होणे ठीक आहे. पण समोर जिवंत जनावर श्वास घेत उभे असेल तर? या प्रश्नाने मला पछाडले, आणि तो पुस्तकात सुटेल असे वाटेना.

थंड देश पुष्कळ आहेत, पण सगळीकडे धनुष्य चालत नाही. नॉर्वेत धनुष्याने शिकार करायला बंदी आहे, तेव्हा तो देश यादीतून गेला. उरले अलास्का. रशियाकडून अमेरिकेने १८६७ साली बहात्तर लाख डॉलरांना घेतलेला आणि १९५९ साली राज्य झालेला मुलूख. तिथे डाल्टन नावाचा एक महामार्ग आहे. तेलाच्या नळासाठी १९७४ साली बांधलेला हा ४१४ मैलांचा रस्ता ब्रूक्स पर्वत ओलांडून डेडहॉर्स, म्हणजे मेलेला घोडा, अशा अशुभ नावाच्या वस्तीपर्यंत जातो. युकॉन नदीच्या उत्तरेस या रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाचपाच मैलांच्या पट्ट्यात शिकारीला बंदूक चालत नाही, धनुष्य चालते. आणि तिथूनच कॅरिबूंचे कळप जातात. युरोपात ज्याला रेनडियर म्हणतात तोच हा प्राणी. याच्या मादीलाही शिंगे असतात.

मग मी नियम वाचायला बसलो. इतके रसाळ वाङ्मय मी बरेच दिवसांत वाचले नव्हते. परदेशी माणसाला कोणतेही मोठे जनावर मारायचे तर परवानाधारक वाटाड्या बरोबर हवाच. अमेरिकन पाहुण्याला काही जनावरांसाठी तिथे राहणारा जवळचा नातेवाईक सोबतीला चालतो. परदेशी माणसाला सख्खा भाऊही चालत नाही. त्या पट्ट्यात धनुष्य चालवायचे तर आधी शिक्षणक्रम पुरा करून प्रमाणपत्र मिळवावे लागते. कॅरिबूसाठी धनुष्याची ओढ निदान चाळीस पौंड, म्हणजे सुमारे अठरा किलो हवी. बाण वीस इंचांहून आखूड नको आणि तीनशे ग्रेनांहून हलका नको. आपल्या हिशेबाने तो पावणेदोन तोळ्यांना जरा कमी भरतो. आमच्या सराफाकडे तोलून पाहायला हरकत नाही.

मला सर्वांत आवडलेला नियम विमानाचा. प्रवासी विमानांची गोष्ट वेगळी. पण लहान विमानातून जो हिंडला त्याला दुसऱ्या दिवशीच्या पहाटे तीन वाजेपर्यंत शिकार करता येत नाही. वरून हेरायचे, उतरायचे आणि मारायचे, हे चालायचे नाही. असला नियम अश्वत्थाम्याने पाळला असता तर सौप्तिकपर्व लिहावेच लागले नसते.

खर्चाचे बोलत नाही. वाटाड्याची मजुरीच हजारो डॉलरांत आहे. कादंबरीच्या मानधनात बाणाचे पीसही यायचे नाही.

तूर्त रविवारी सकाळी तालुक्याच्या मैदानावर सराव करतो. शेजारी दहाबारा वर्षांची पोरे उभी असतात. त्यांतला एक माझ्याच वर्गातला. "सर, कोपर वर," असे तो मला बजावतो, आणि मी निमूटपणे कोपर वर करतो.

अमेरिकेतली आजची धनुष्याची शिकार तरी कुठून आली? १९११ साली कॅलिफोर्नियात इशी नावाचा एक माणूस रानातून बाहेर आला. याही जमातीतला तो शेवटचा. सॅक्स्टन पोप नावाच्या शस्त्रवैद्याने त्याच्यापाशी धनुर्विद्या शिकून १९२३ साली तिच्यावर पुस्तक लिहिले, आणि तिकडचे तिरंदाज आपली परंपरा तिथपासून मोजतात. द्रोणाने रानातल्या मुलाला नाकारले. इथे शहरातला वैद्य रानातल्या माणसाच्या पायाशी बसला. मला हे वाचून फार बरे वाटले. पुढचे वाचेपर्यंत. इशी १९१६ साली क्षयाने गेला. विद्वानांनी त्याचा मेंदू काढून संग्रहालयाकडे धाडला. तो त्याच्या आप्तजमातींच्या हाती आला तो २००० साली. एकलव्याचा अंगठा निदान त्याला विचारून तरी मागितला होता.

असो. मूळ प्रश्न अंतराचा. बंदुकीला दोनशे यार्ड काहीच नाहीत. धनुष्याला वीस-तीस यार्ड, उघड्या माळावर फार तर चाळीस. त्या मुलखात आडोशाला झाड नाही. ओल्या ढेकळांतून पोटावर सरपटत जायचे. कॅरिबूचे नाक तिखट. वारा तुमच्याकडून त्याच्याकडे गेला की दिवस वाया. चालताना त्याच्या पायातल्या कंडरा हाडावरून सरकतात आणि टिकटिक असा आवाज होतो. पंचवीस पावलांवर तो ऐकू येतो म्हणे. तिथे डोळा नव्हे, खांद्याच्या मागची जागा पाहायची, कारण काळीज आणि फुप्फुसे तिथे. बाण गोळीसारखा धक्क्याने मारीत नाही, रक्तस्रावाने मारतो. म्हणून बाण लागल्यावर निदान अर्धा तास जागचे हलायचे नाही. मागे धावले तर जखमी जनावर दूर जाऊन हालहाल होऊन मरते. माझ्या मते साऱ्या शिकारीत अवघड गोष्ट कोणती असेल तर हा अर्धा तास.

"आणि मेल्यावर खाणार कोण?" हा आमच्या सौभाग्यवतींचा प्रश्न. त्यालाही कायद्यात उत्तर आहे. मान, फासळ्या, चारी पाय, पाठ, सगळे खाण्याजोगे मांस वाहून न्यावेच लागते. रानात टाकले तर गुन्हा. शिंगे मांसाच्या आधी हलवायची नाहीत, शेवटच्या खेपेलाच न्यायची. मांस लिहून देऊन दुसऱ्याला देता येते, तेव्हा तिथल्याच एखाद्या घरी ते हिवाळाभर पुरेल.

हे सगळे ऐकून त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, पण त्या अर्ध्या तासात तुम्ही करणार काय?"

मी अजून उत्तर दिलेले नाही. त्यांनी लोकर मात्र आणली आहे. डावी बाही अंगाबरोबर विणायची, कारण सैल बाहीला प्रत्यंचा अडकते. उजवी कशीही चालेल.